मावशीचा पांढरा डबा, चिनी औषधं आणि आजीचा बटवा

आजचा भाग ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

विषय आहे घरगुती औषधं. त्यातही चिनी औषधं. तुम्ही म्हणाल, नांदेड-लातूरकडच्या पोरानं चीनचं काय काढलं मधेच? सांगतो. सुरुवात एका डब्यापासून झाली.

माझी मावशी लातूरला असते. वय साठच्या आसपास, गुडघे दुखतात, साखरेची गोळी चालू. मागच्या दिवाळीत मी नांदेडहून तिला भेटायला गेलो. दार उघडलं आणि मला वाटलं, मावशी चांगली झाली की! चेहरा भरलेला, गाल गोल. मी म्हणालो, "मावशी, तब्येत सुधारली तुझी." ती खूश. म्हणाली, "अरे लेकरा, गुडघे एकदम बंद झाले बघ दुखायचे. जिना चढते आता. चायनाचं औषध हाय, झाडपाल्याचं. काही साईड इफेक्ट नाही."

आणि तिनं कपाटातून पांढरा प्लॅस्टिकचा डबा काढला. आत मातकट रंगाची पावडर. डब्यावर हिरवं पान, एक चिनी अक्षर आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. आत काय आहे, किती आहे, कुणी बनवलं, कुठं बनवलं, काही म्हणजे काहीच लिहिलेलं नाही. ओळखीतल्या कुणीतरी आणून दिलेला. चार महिने झाले होते.

माझा पेशा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे एखादी गोष्ट अचानक फार चांगली चालायला लागली, तर आनंद व्हायच्या आधी संशय येतो. वर्षानुवर्षं झिजलेले गुडघे चार दिवसांत गप्प कसे बसले? मी तिची साखर तपासायला लावली. ३४०. तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, डबा सोबत घेतला. डॉक्टरांनी चेहरा बघितला, बीपी बघितलं आणि विचारलं, "ही पावडर किती दिवस?" सकाळच्या रक्तात कॉर्टिसोल तपासलं, ते फारच कमी निघालं. त्यांचा अंदाज होता की पावडरीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार.

आता इथं नीट ऐका, कारण हे मला स्वतःला माहीत नव्हतं. आपल्या मूत्रपिंडावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल बनवतात. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की त्या ग्रंथी म्हणतात, चला, आपलं काम दुसरं कुणी करतंय, आणि झोपी जातात. त्यामुळे सूज कमी, दुखणं कमी, भूक जास्त, चेहरा गोल, साखर वर, बीपी वर. आणि पावडर एका दिवसात बंद केली तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसोल नसतं. माणूस चक्कर येऊन पडू शकतो, जीवावर बेतू शकतं. मी तर तो डबा तिथंच कचऱ्यात फेकणार होतो! डॉक्टरांनी मोजून गोळी सुरू केली आणि ती काही आठवड्यांत हळूहळू उतरवली. म्हणून पहिला मुद्दा: तुमच्या घरात असा डबा सापडला तर आरडाओरडा करू नका, एकदम बंदही करू नका. डबा घ्या, माणूस घ्या आणि डॉक्टर गाठा.

मावशी मला म्हणाली, "म्हणजे चायनाची औषधं सगळी बोगसच का रे?" हा प्रश्न मला घरी येईपर्यंत डोक्यात राहिला. लातूर ते नांदेड, चाकूर, अहमदपूर, लोहा, एसटीत बसून वाचत आलो. उत्तर सरळ 'हो' नाही.

चीनशी आपलं औषधाचं नातं जुनं आहे, आणि ते आपल्या शेजारच्या सोलापुरातून जातं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूरचे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथं जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, फक्त बत्तीस वर्षांचे असताना, तिथंच गेले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे, कधी गेलात तर बघा.

त्याच तुकडीत बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू होते. ते परत आले, पण १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात सुयांचा उपचार असा आला. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे कुणी सुया लावतो म्हणाला, तर 'तुमची नोंदणी आहे का' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि सुई नवीन, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं पाहिजे. त्यात लाजायचं काही नाही.

आता चिनी झाडपाल्याची सगळ्यात भारी गोष्ट. १९६७ साली चीननं मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प सुरू केला. तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी जुनी पुस्तकं चाळली. चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्याच्या पुस्तकात छिंगहाओ या झाडाबद्दल लिहिलं होतं की मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. बाईंच्या लक्षात आलं की यात उकळायला सांगितलेलंच नाही! उकळलं की काम करणारा भाग खराब होत असणार. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, आणि माणसांना द्यायच्या आधी सहकाऱ्यांसोबत स्वतः घेऊन बघितला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, आणि २०१५ चं नोबेल. आज आपल्याकडे फॅल्सिपेरम मलेरिया झाला तर सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते, ती याच कुटुंबातली.

याचा अर्थ घरी तो पाला उकळून प्या असा नाही बरं का. चहात औषध किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि अर्धवट औषधानं जंतू मरण्याऐवजी शहाणा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही या पाल्याचा चहा मलेरियावर वापरू नका असंच सांगितलंय. बाईंचं मोठेपण कशात होतं? झाडावर विश्वास होता, पण तपासल्याशिवाय सोडलं नाही. आणि उलटं उदाहरणही आहे. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी जडीबुटीत चुकून दुसरंच झाड गेलं, ॲरिस्टोलोकिया नावाचं. कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. ते झाडही 'नैसर्गिक'च होतं.

आपल्याकडची हळद घ्या. नांदेडची हळदीची बाजारपेठ तुम्हाला माहीत आहेच, अर्धापूरकडे, वसमतकडे शेतंच्या शेतं. १९९५ साली अमेरिकेत 'हळदीनं जखम भरते' यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, जुन्या ग्रंथांचे पुरावे लावून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तेव्हा अभिमान जरूर बाळगा. पण भाजीतली हळद वेगळी आणि ऑनलाइन मिळणाऱ्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. हळद पोटातून रक्तात फार कमी जाते, म्हणून त्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालून ती जबरदस्तीनं आत ढकलतात. अशा कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आता बऱ्याच देशांत आहेत. हळदीचं दूध प्या, मस्त झोपा. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारून.

बरं, मग घरात करायचं काय? मी माझ्या आईसाठी फ्रिजवर एक कागद लावलाय. तोच वाचून दाखवतो.

खोकला: एक वर्षापेक्षा मोठ्या लेकराला झोपताना चमचाभर मध. याला चांगले पुरावे आहेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, घुटीतही नाही, बोटावर चाटवायलाही नाही. मधात बॉट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि बाळ लुळं पडतं.

मळमळ: आलं. आपली आजी आलं देते, चिनी आजीही आलंच देते, आणि या बाबतीत दोघी बरोबर आहेत. बस लागत असेल तर चिनी लोकांचा एक बिंदू आहे, नेईग्वान. हाताची आतली बाजू वर करा. मनगटाच्या रेषेपासून कोपराकडे आपलीच तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मूठ आवळल्यावर दोऱ्यांसारखे दोन ताण दिसतात, त्यांच्या मधे अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबा. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या बिंदूचा अभ्यास झालाय आणि फायदा दिसलाय. लोह्याच्या पुढं मला दर वेळी उपयोगी पडतो. नाही पडला तरी नुकसान शून्य, हा त्याचा खरा गुण.

जुलाब: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त नको. ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच आधी. सोबत पेज, कण्या. चीनमध्येही आजाऱ्याला तांदळाची पेजच देतात. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं वाचवली. माझ्या मते जगातलं सगळ्यात मोठं घरगुती औषध हेच. लेकरू सुस्त झालं, लघवी थांबली, शौचातून रक्त आलं, तर घरगुती काही नाही, सरळ दवाखाना.

गुडघे: ताई ची. हो, ती चिनी म्हातारी माणसं बागेत सावकाश हात हलवतात ना, तीच. अमेरिकेच्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये झिजलेल्या गुडघ्यांसाठी तिची जोरदार शिफारस केली. चीनकडून घ्यायचंच होतं तर हे घ्यायचं होतं, मावशी. फुकट आहे आणि डब्यात येत नाही.

आता तीन गोष्टी बंद. बाळाच्या छातीला किंवा नाकाजवळ कापूर नको, पोटात गेला तर झटके येतात. बाळाच्या डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. आणि कावीळ झाली म्हणून नाकात थेंब घालणारा, गळ्यात माळ बांधणारा शोधत फिरू नका. बऱ्याच काविळी आपोआप बऱ्या होतात, म्हणून त्याचं नाव होतं. ज्याची आपोआप बरी होणारी नसते, त्याचे मोलाचे दिवस तिथं जातात.

आणि शेवटी चार प्रश्न. कुणीही, कुठलंही औषध दिलं, चिनी, आयुर्वेदिक, ॲलोपॅथी, काहीही, हे विचारा. यात काय आहे? किती आहे? कुणी बनवलं, परवाना क्रमांक कुठं आहे? आणि माझी चालू गोळी बंद करायला सांगताय का? चौथ्याचं उत्तर 'हो' आलं आणि सांगणारा तुमचा डॉक्टर नसेल, तर चप्पल घाला आणि निघा.

मावशीवर मी आधी चिडलो होतो. नंतर वाईट वाटलं. ती दोन वर्षं सांगत होती, गुडघे दुखतात. मी पुण्यातून फोनवर "हो मावशी, दाखवू कुठंतरी" म्हणत होतो. तिचं दुखणं ऐकून घेणारा पहिला माणूस डबा विकणारा निघाला. तो दहा मिनिटं तिच्या शेजारी बसला होता, मी बसलो नव्हतो. बोगस औषध असंच घरात शिरतं, रिकाम्या खुर्चीतून.

आता मावशीचे गुडघे पुन्हा दुखतात, खरं सांगतो. साखर ताब्यात आहे. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम करते, आणि सकाळी गच्चीवर मोबाईल टेकवून माझ्याबरोबर व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं ताई ची. तिला नाव लक्षात राहत नाही. म्हणते, "चल रे, ते ताईचं करू."

या रविवारी एक काम करा. घरी असाल तर आई, मावशी, आजी यांचं औषधाचं कपाट त्यांच्यासोबत बसून उघडा. लांब असाल तर व्हिडिओ कॉल लावा. ओरडू नका, विचारा. आणि नाव नसलेला डबा सापडला तर काय करायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.