कापसाचा भाव आणि कापूस वेचणारे हात

(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीतील भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा दाखला आपल्या सभांतून अधूनमधून दिला जातो. मांडणी साधारण अशी असते: दक्षिणेकडची राज्ये कापूस पिकवणारी, उत्तरेकडची कारखानदार. उत्तरेने जकाती लावून दक्षिणेच्या कच्च्या मालाची लूट केली, म्हणून दक्षिण फुटून निघाली. गुलामगिरी हे निमित्त. खरे भांडण शेती आणि कारखाना यांचे.

ही मांडणी आम्हीही केलेली आहे. टाळ्याही मिळाल्या. आज ती दुरुस्त करायची आहे, कारण ती अर्धीच खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्याच शेताच्या बांधावरचा प्रश्न दडलेला आहे.

खरे किती, ते आधी पाहू. १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र निघाले आणि दक्षिणेत कापसाचे रान पसरत गेले. १८६० साली अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. परदेशी मालावरच्या जकातीमुळे दक्षिणेला नांगरापासून कापडापर्यंत सगळे महाग घ्यावे लागे. आपला कापूस मात्र जगाच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकावा लागे. १८२८ च्या जकातीवरून साऊथ कॅरोलायना राज्य इतके पेटले की १८३२ साली त्याने तो कायदाच मानायचे नाकारले. हे गाऱ्हाणे खोटे नव्हते. आपल्याला ते ओळखीचे वाटते यात नवल नाही.

पण युद्ध १८३२ साली झाले नाही, १८६१ साली झाले. मधल्या काळात जकाती उतरत गेल्या. १८५७ साली तर त्या कित्येक वर्षांत नव्हत्या इतक्या खाली आल्या होत्या. मग जकात उतरल्यावर दक्षिण फुटली कशी? याचे उत्तर त्या राज्यांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. मिसिसिपीसारख्या राज्यांनी फुटताना जी कारणे छापली, त्यात पहिला मान गुलामगिरीचा आहे. आम्ही ती कारणे उशिरा वाचली, ही आमची चूक.

त्या वेळी दक्षिणेत सुमारे ४० लाख गुलाम होते. इतिहासकारांच्या हिशोबाने त्यांची बाजारातली किंमत साऱ्या देशातल्या रेल्वे आणि कारखाने यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा अधिक भरत होती. मळेवाल्याची खरी दौलत जमीन नव्हती, माणसे होती. कापसाने जमीन कसदार राहत नाही, म्हणून त्याला पश्चिमेकडे नवे रान हवे होते. नवे रान मिळाले तर गुलामाची किंमतही टिकणार होती. त्याच नव्या रानावर उत्तरेकडच्या लहान शेतकऱ्याचा डोळा होता. घरच्या माणसांनिशी राबणाऱ्या शेतकऱ्याने फुकट राबवून घेणाऱ्या मळ्याशी भावात टक्कर कशी द्यायची? कारखाना विरुद्ध शेती एवढेच ते भांडण नव्हते. एका शेतकऱ्याचे दुसऱ्या प्रकारच्या शेतकऱ्याशीही ते होते. १८५४ नंतर कॅन्सासमध्ये याच कारणावरून माणसे एकमेकांना मारू लागली. नव्या मुलखात गुलामगिरी वाढू देणार नाही म्हणणारा लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला. डिसेंबरात साऊथ कॅरोलायना बाहेर पडले. पुढे एकूण अकरा राज्ये फुटली. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

दक्षिणेच्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. तरी त्यांचीच पोरे लढायला गेली. १८६२ साली दक्षिणेच्या सरकारने कायदा केला, की वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सैन्यातून सूट. 'आपण सारे शेतकरी' म्हणून लहान शेतकऱ्याला लढाईत उतरवायचे आणि मोठ्याने मळ्यावर राहायचे, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

या युद्धाची झळ आपल्या मुलखालाही लागली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाचा भाव काही पटींनी चढला. खानदेश, वऱ्हाड, धारवाडकडे पैसा खुळखुळला. मुंबईत समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर चढले. सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. सावकाराची थैली आवळली गेली. त्यातच १८६७ पासून इंदापुराकडून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली होती. ऋणकोच्या सोयीसाठी म्हणून. सावकारांनी काय केले? दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात दंगा झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो पसरला. दंग्याची सगळी गावे कापसाची नव्हती, हे ध्यानात ठेवावे. पण भावाच्या चढउतारात सैल झालेले आणि मग आवळलेले कर्ज सगळीकडेच होते. लोकांनी माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांना हवे होते कागद. सप्टेंबरात ते लोण शिराळा पेट्यातल्या कोकरूडला पोचले आणि तिथेही सावकाराचे कागद जळाले. कोकरूड तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जासाठी जो कायदा केला, तो चार जिल्ह्यांना लागू होता. त्यांत सातारा होता.

तिकडे मुक्त झालेल्या गुलामाचे काय झाले? जमीन त्याला मिळाली नाही. युद्धाच्या शेवटी काहींना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम निघाला होता, तो वर्षाच्या आत फिरवला गेला. मग तो जुन्या मालकाच्याच रानात बटाईने राबू लागला. बियाणे आणि पीठ दुकानदाराकडून उधार, तारण उभे पीक. साखळदंड गेला आणि वही आली. कोकरूडचा कुणबी आणि मिसिसिपीचा काळा बटाईदार एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण त्या वहीवरून त्यांनी एकमेकांना ओळखले असते.

आपल्याच मुलखातल्या एका माणसाने हे फार लवकर ओळखले होते. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी १८७३ साली काढले आणि अर्पण केले ते अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना. दहा वर्षांनी ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेच हे जोतीराव. शेतकऱ्याची लूट त्यांच्याइतकी कुणाला दिसली? तरी कापूस पिकवणाऱ्या मळेवाल्याची बाजू त्यांनी घेतली नाही. लुटला जाणारा म्हणून त्यांनी कापूस वेचणारा पाहिला.

आता बांधावरचा प्रश्न. कृष्णाकाठी ऊस आहे. माण, आटपाडी, जत इथे कोरडवाहू. कारखान्याने पहिली उचल किती द्यावी यावर आपण रस्त्यावर येतो आणि ते योग्यच आहे. पण 'उचल' हा शब्द फडात दुसऱ्या अर्थाने चालतो. बीडकडून, तसेच आपल्याच माण-जतकडून येणारे जोडपे मुकादमाची उचल घेऊन येते. नवराबायको मिळून एक कोयता. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. ही गुलामगिरी नव्हे. गुलामाचे लेकरू जन्मतःच मालकाचे असे, कोयत्याचे तसे नाही. दोन्ही एकच म्हणणाऱ्याने गुलामगिरी पाहिलेली नाही. पण कर्जापायी राबवून घेणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि फडातल्या त्या वहीत काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

उसाच्या भावातून तोडणी-वाहतूक कापली जाते, तेव्हा आपण आकडा विचारतो. त्यातले कोयत्याच्या हातात किती पडते, हा आकडा आपण विचारलेला नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या शिवारात उतरलेल्या टोळीशी बसून बोलावे. उचल किती घेतली, टनाला दर किती लागला, मुकादमाने किती धरले, बाकी किती राहिली, हे चार आकडे कागदावर लिहून आणावेत. मायबहिणींनी बायकांना वेगळे विचारावे. हिशोब नवऱ्याच्या नावावर असतो.