शिळा आणि अक्षर



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण आज जमलो आहोत, ते आम्हां मुलांना महाकालाच्या दर्शनास नेत आणि दर्शन झाल्यावर मंदिराच्या परिसरातील एका शिळेपुढे उभे करीत. ‘वाचा,’ एवढेच म्हणत. आम्हांला त्या दगडावर नाग दिसे. अक्षरे दिसत नसत.

ती शिळा परमारकालीन सर्पबंधाची. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला गुंफलेली आणि सोबतच्या श्लोकांत उदयादित्य व नरवर्मा या राजांची नावे. काळ अकराव्या शतकाची अखेर व बाराव्याचा आरंभ. कवीने ‘वर्ण’ शब्दावर श्लेष साधला आहे. राजाची तलवार समाजातील वर्णांचे रक्षण करते, तशी ही नागाकृती कट्यार अक्षरांचे रक्षण करते. असेच सर्पबंध धार आणि ऊन येथेही आहेत. धारच्या लेखांत व्याकरणाचे प्रत्ययही मांडले आहेत.

धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली तेथील शिलालेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मदन कवीच्या ‘पारिजातमंजरी’ या चार अंकी नाटिकेचे दोन अंक त्यांतील एका शिळेवर मिळाले. ही नाटिका आज आपल्याला ठाऊक आहे ती त्या शिळेमुळेच.

हा अनुभव केवळ माळव्याचा नाही. मेक्सिकोतील पालेंके येथे माया लोकांनी कोरलेले शिलापट पाहून प्रवासी शतकभर थक्क होत राहिले; पण ते वाचता येत नव्हते. १५६२ साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांचे ग्रंथ जाळले, आणि त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या वर्णसूचीचा आधार घेऊन १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोव्हिएत विद्वानाने त्या लिपीच्या वाचनाची वाट मोकळी केली. मायांची भूमी त्याने प्रत्यक्ष पाहिली ती १९९० साली! तोवर जे शिल्प म्हणून गौरविले जात होते, ते पुढे राजांच्या जन्माचा, राज्यारोहणाचा व युद्धांचा इतिहास सांगू लागले.

मित्रहो, आता एक कबुली देतो. आमच्या घरी आजोबांच्या मोडी कागदांची एक पेटी होती. मोडी माझ्या शाळेत शिकवली गेली नाही. मी मराठीत डॉक्टरेट मिळवली, पण ती पेटी मला उघडून वाचता येईना. वडील गेल्यावर घर आवरताना ती रद्दीत गेली. ती रद्दीत घालणारा मीच होतो. वर्षांनी मोडी शिकलो, तेव्हा वाचायला घरात एकही कागद उरला नव्हता. गुरुजींचे ‘वाचा’ मला तेव्हा उमगले.

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिर पुन्हा उभे केले. अलीकडे, २०२० व २०२१ मध्ये, त्याच्या विस्ताराचे काम चालले असता जमिनीतून परमारकालीन मंदिराचे अवशेष निघाले. २०२२ साली ‘महाकाल लोक’ खुला झाला. तेथील नव्या मूर्ती पाहण्यास लोकांची रीघ लागते, याचे मला वैषम्य नाही. भीती एवढीच वाटते, की जुना दगड आपण जपून ठेवू, त्याभोवती कठडा घालू, त्याचे छायाचित्र काढू आणि तो काय म्हणतो हे विचारणारा मात्र कोणी उरणार नाही.

म्हणून या संस्थेकडे एकच मागणे मागतो. नववीच्या मुलांसाठी दर वर्षी जुनी नागरी आणि मोडी यांचे थोडे तास ठेवावेत, आणि शेवटचा तास त्या शिळेपुढे व्हावा. शिकवायला मी येईन. गुरुजींचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.