तीन बदकं, एक घमेलं पाणी

बेंबळीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

शेळीवर बोला म्हटलं तर आपल्याकडं कुणीही तासभर बोलेल. उस्मानाबादी शेळी आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव घेऊन देशभर गेलीय. कोंबड्यांचंही आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आज मात्र आम्ही बदकावर बोलायचं ठरवलंय. ऐकून काहीजणी हसल्या असतील. माणसाला पाणी नाही अन् ह्या बाया बदकं कुठं पोहवणार? प्रश्न खरा आहे. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू.

बदक म्हटलं की तळं, असं आपल्या डोक्यात बसलंय. पोहायला मिळालं तर बदकाला आनंदच होतो, पण जगायला आणि अंडी द्यायला त्याला तळं लागत नाही. त्याला लागतं ते एवढंच, की पाण्यात डोकं डोळ्यांच्या वरपर्यंत बुडलं पाहिजे. बदक दिवसभर चोचीनं चिखल चाळतं. त्याच्या नाकपुड्या भरतात, डोळ्यांत घाण जाते, आणि ते सगळं ते डोकं बुडवून धुतं. तसं पाणी नसलं की डोळे चिकटतात, सुजतात. पाच-सहा इंच खोल भांडं पुरतं. आपलं सिमेंट-वाळूचं घमेलं असतं ना, तेच. तीन बदकांना सकाळी एक घमेलं, संध्याकाळी एक, आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी आणखी एक. तांदूळ किंवा भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, भांड्याचं पाणी मात्र नको. साबणानं त्याच्या पिसांवरचं तेल निघून जातं.

आता हे पाणी आणणार कोण? हे आम्ही मुद्दाम विचारतोय. घरात बदकं आणायची हौस लेकरांची, कधी घरधन्याची, आणि हापशावरून दोन घागरी जास्त आणायच्या कुणी, तर बाईनं. बदकं घरात यायच्या आधी ही वाटणी ठरवून घ्या. ज्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्यांनी बदकं आणूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडं बोअर आहे, नळ आहे, त्यांना जड नाही, कारण ते पाणी वाया जात नाही. घमेल्यातलं गढूळ पाणी शेवग्याच्या, लिंबाच्या, पपईच्या बुडाला ओतायचं. त्यात विष्ठा असते, म्हणजे खतच. पण कोथिंबीर, मेथी, मुळा असल्या कच्च्या खायच्या भाजीवर ते पाणी अजिबात टाकू नका, त्यातून पोटाचे रोग होतात.

जागा किती लागते? रात्रीच्या खुराड्यात एका बदकाला तीन ते चार चौरस फूट, आणि दिवसा फिरायला प्रत्येकी दहा ते पंधरा चौरस फूट. म्हणजे घरामागं दहा बाय पाचची मोकळी जागा असली तरी तीन बदकं बसतात. पुण्याला, सोलापूरला लेकी-सुना छोट्या बंगल्याच्या बागेत बदकं पाळायचं म्हणतात, त्यांनाही हाच हिशेब सांगा. मात्र एकटं बदक पाळू नका. ते कळपाचं पाखरू आहे, एकटं पडलं की खात नाही, सारखं ओरडतं. दोन तरी हवीत, तीन बरी.

आणि ओरडण्याचं म्हणाल तर गंमत अशी, की ओरडते ती मादी. नराचा आवाज बसलेल्या घशासारखा घोगरा असतो. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लात नर-मादी ओळखायची ही सोपी खूण. पुढं नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली दिसतात. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. पिल्लं काढायची असतील तर पाच-सहा माद्यांमागं एक नर. दोन माद्यांत एक नर ठेवला तर तो त्यांच्या मानेची पिसं ओरबाडून त्यांना हैराण करतो.

अंड्यांसाठी जात घ्यायची ती खाकी कॅम्पबेल. ही जात एका बाईनं तयार केलीय, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द जास्त. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात अडेल कॅम्पबेल नावाच्या बाई राहायच्या. त्यांच्याकडं रनर जातीची बदकी होती, अंडी भरपूर पण अंगानं किडकिडीत. अंगानं भरलेली पाखरं मिळावीत म्हणून त्यांनी ती रुआन जातीच्या मोठ्या नराशी लावली, पुढं त्यात रानबदकाचं रक्तही घातलं. 1901 च्या सुमाराला ही जात लोकांसमोर आली. रंग शिपायांच्या कपड्यासारखा मातकट, म्हणून नाव खाकी. खाकी हा शब्द तर आपल्याच मुलखातला, खाक म्हणजे माती, धूळ. नीट खाणंपिणं मिळालं तर ही बदकी वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते. आपल्या अंगणात तेवढी मिळतील असं आम्ही सांगणार नाही. खाद्य कमी, ऊन जास्त, मग अंडीही कमी.

पिल्लं मिळायची अडचण आहे, हेही खरं. आपल्या राज्यात पशुसंवर्धन विभागाचं बदक पैदास केंद्र आहे ते पार गडचिरोली जिल्ह्यात वडशाला, धानाच्या मुलखात. केंद्र सरकारचं आहे ते बंगळुरूजवळ हेस्सरघट्ट्याला. म्हणून आधी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, आणि चार-पाच घरांनी मिळून मागवा. बाजारात टोपल्यातून विकायला येणारी रंगवलेली पिल्लं घेऊ नका. आणि एक सांगून ठेवतो, हिवाळ्यात आपल्या पाझर तलावांवर रानबदकं उतरतात, ती धरून आणणं गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव कायदा त्यांनाही लागू आहे.

पिल्लाला पहिले तीन-चार आठवडे ऊब लागते. बल्ब लावून टोपल्यात ठेवायची. या दिवसांत त्यांना पाण्यात सोडू नका. बदकीच्या अंगाचं तेल पिल्लांच्या पिसांना लागतं, म्हणून आईबरोबरचं पिल्लू भिजत नाही. आईविना वाढणारं पिल्लू भिजतं, गारठतं आणि मरतं. त्यांना पसरट थाळीत चोच बुडेल एवढंच पाणी द्या. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात. भरड्यात थोडी सुकटीची पूड, उकडलेले वाटाणे घाला, आणि पाय वाकताना दिसले की लगेच डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या बदकाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य लागतं. कोरडा भरडा त्याच्या घशाला चिकटतो, म्हणून पाण्यात कालवून द्यायचा, आणि खाताना शेजारी पाणी हवंच. ज्वारी-मक्याचा भरडा, तांदळाची कणी, कोंडा, पालेभाजीची देठं सगळं चालतं. शिळ्या भाकरीचा कुस्कराही चालतो, पण नुसत्या भाकरीवर बदक जगत नाही. आता दोन गोष्टी नीट ऐका. एक, सोयाबीन घरचंच आहे म्हणून कच्चं घालू नका. कच्च्या सोयाबीननं अन्न पचत नाही, ते भाजून किंवा उकडूनच द्यायचं. दुसरी, बुरशी लागलेला मका, बुरसट शेंगा, बुरसलेली शेंगदाणा पेंड. या बुरशीचं विष बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर लागतं, थोड्यानंही पिल्लं दगावतात. पावसात भिजलेलं धान्य फेकवत नाही म्हणून बदकापुढं टाकायचं, असं करू नका. तेच भुसकटाचं. खुराड्यात अंथरायचं भुसकट कोरडं, वास न येणारं हवं आणि ओलं झालं की बदलायला हवं. बदकं अंथरूण फार ओलं करतात. शेजाऱ्यांची भांडणं होतात ती वासावरून, आवाजावरून फारशी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुळात बदकाकडं वळलो ती सांगतो, ती म्हणजे गोगलगाय. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि आपल्या जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब रातोरात कुरतडले, कितीजणांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणाचे पैसे एकदा गेले, परत गेले. गोगलगाय दिवसा दगडाखाली, गवतात, बांधाच्या ओलाव्यात दडते आणि रात्री बाहेर पडते. जमिनीत साबुदाण्यासारखी पांढरी अंडी घालते, एका खेपेला शंभराच्या घरात. बदकाला ही अंडी आणि छोट्या गोगलगायी फार आवडतात. चोचीनं ओली माती चाळून ती काढून खातं. मोठी शंखवाली मात्र त्याच्या घशातून जात नाही.

म्हणजे तीन बदकं एक एकर सोयाबीन वाचवतील का? नाही. उगवत्या पिकात तर त्यांना सोडूच नका, कोवळी पानं तीच खातील, उरलेली तुडवतील. पण परसबाग, वाफ्यांच्या कडा, उकिरड्याभोवतीची ओली जागा, घराजवळचा बांध, तिथं सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवली तर गोगलगायीची पुढची पिढी कमी होते. शेतात मोठ्या गोगलगायींना हाताने वेचणं हाच उपाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी ठेवायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, लेकरांना हात लावू देऊ नका. आणि ज्यांच्या शेतात गोगलगायीसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्यात, त्या बाजूला बदक फिरकू देऊ नका. गोळी खाऊन किंवा विष खाल्लेली गोगलगाय खाऊन बदक मरतं. शेजारच्या बांधावर काय टाकलंय, ते विचारूनच बदकं सोडा.

रोगांचं थोडक्यात. बदकाला डक प्लेग आणि डक कॉलरा हे दोन मोठे रोग होतात, दोन्हींच्या लसी आहेत. वेळापत्रक दवाखान्यातून घ्या. भीती खरी बर्ड फ्लूची. 2006 ला नवापूरला तो देशात पहिल्यांदा आला, 2021 ला परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला, आणि 2025 च्या जानेवारीत आपल्या शेजारी उदगीरला कावळे मेले. बदकाच्या अंगात हा विषाणू असूनही ते ठणठणीत दिसू शकतं आणि त्याच्यामुळं कोंबड्या मरतात. म्हणून बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात नकोत, आणि तलावावर रानबदकांच्या संगतीत आपली बदकं सोडणंही नको. अचानक पाखरं मेली तर हात न लावता दवाखान्यात कळवा. लपवून काही मिळत नाही. रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी सरकार नष्ट करतं, घरचे दोन असले तरी. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही.

अंड्याचं सांगायचं तर ते गावरान कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरंच मोठं, पासष्ट-सत्तर ग्रॅमचं, पिवळा बलक भरपूर. वास थोडा उग्र लागतो, म्हणून आमच्याकडं ते लसूण-मिरचीच्या रश्श्यातच घालतात. चांगलं कडक उकडूनच खायचं, लेकरांना आणि गरोदर बाईला अर्धं कच्चं कधीच द्यायचं नाही. आपल्या आठवडी बाजारात बदकाचं अंडं विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच. तेव्हा विकायच्या हिशेबानं कर्ज काढून बदकं घेऊ नका. घरच्या ताटात अंडं पडतं, तो फायदा धरा. बदकी अंडं पहाटे देते, बहुतेक नऊच्या आत. तोवर खुराडं उघडू नका, नाहीतर अंडं कुठल्या कुंपणात पडलं ते शोधत बसावं लागतं. खुराड्याचं दार रात्री पक्कं लावा. मुंगूस आणि कुत्री या दोघांचं बदकावर फार लक्ष असतं, आणि खाकी कॅम्पबेलला उडून जाता येत नाही.

पिल्लं काढायची असतील तर एक अडचण येते. खाकी कॅम्पबेल बदकी सहसा अंड्यांवर बसत नाही. तेव्हा खुडूक कोंबडी शोधायची. तिच्या अंगाखाली आठ-दहा अंडी मावतात. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस. म्हणून कोंबडी तब्येतीनं चांगली, जास्त दिवस टिकून बसणारी निवडा आणि तिचं दाणापाणी तिच्याजवळच ठेवा. बदकी बसली असती तर ओल्या पिसांनी अंड्यांना ओलावा दिला असता. कोंबडी कोरडी, म्हणून शेवटच्या आठवड्यात कोमट पाण्याचे चार थेंब रोज अंड्यांवर शिंपडा. पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना आपलीच मानते, पंखाखाली घेते, दाणे टिपायला शिकवते. पुढं महिन्याभरानं पिल्लं पहिल्यांदा घमेल्यात उतरतात, आणि ती घमेल्याच्या कडेनं कलकलत गोल गोल धावत राहते.