विमानाचे तास आणि वाटेचे तास
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं मीं मुंबई व लंडन यांमधील अंतराविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील मुलें आज समुद्रापार नोकरीस जातात, आणि हें अंतर मला नीट मोजतां न आल्यामुळें जें घडलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघाले, ते ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोहोंचले. वाटेंत मोझांबिकास त्यांना कित्येक महिने थांबावें लागलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें पहिलें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें उतरत गेलें. आज तेंच सुमारें ७२०० किलोमीटरांचें अंतर विमान कोठेंही न थांबतां साडेनऊ-दहा तासांत तोडतें. परत येतांना तासभर कमी लागतो. कारण उंच आकाशांत पश्चिमेकडून पूर्वेस वाहणारा जोराचा वारा तेव्हां पाठीशीं असतो. दुबई तर मुंबईहून तीन तासांवर. आपणांस जुन्नरहून माळशेज घाटानें मुंबईच्या विमानतळास पोहोंचावयास याहून अधिक वेळ लागतो! शेजारच्या नाणेघाटानें सातवाहनांच्या काळीं व्यापाऱ्यांचे तांडे चढत. त्यांचा हिशोब दिवसांचा असे, त्यामुळें तासांची चूक त्यांना बाधत नसावी.

मला ती बाधली. कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन आषाढांत, ओतूरकडील एका वाडीवर आपले एक वृद्ध बंधु पहाटे वारले. एकुलता मुलगा लंडनला. त्यानें फोनवर सांगितलें, “फादर, रात्रीं नऊच्या विमानांत जागा मिळाली आहे. नऊ तासांत मुंबईस उतरतों.” मीं बोटांवर मोजलें: नऊ आणि नऊ, म्हणजे सकाळचे सहा, पुढें घाटाचे पांच तास. तरीहि मोकळा वेळ असावा म्हणून मिस्सा व दफनविधि दुपारीं चारला ठरविला. माझ्या मतें ही मोठीच सावधगिरी होती.

त्याचे नऊ हे लंडनचे नऊ होते. तेव्हां आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला. विमान साडेदहास उतरलें. पासपोर्ट व सामान यांतून तो बाराला बाहेर पडला. त्यांत माळशेजमध्यें दरड कोसळून रस्ता बंद. लोणावळा, चाकण, मंचर असा वळसा घेत तो साडेसहास आला. पाऊस वाढत होता, मंडळी थांबावयास तयार नव्हती, आणि मीं पांचला माती देऊं दिली. थांबा म्हणण्याचा अधिकार माझा होता, तो मीं वापरला नाहीं. मुलगा रागावला नाहीं. पहिली माती कोणीं टाकली, एवढेंच त्यानें विचारलें.

म्हणून माझी विनंती आहे. असा प्रसंग येईल तेव्हां, सांगितलेली वेळ कोणत्या घड्याळाची, हें मुलाला प्रथम विचारा. लंडनच्या वेळेंत तेथील उन्हाळ्यांत साडेचार व हिवाळ्यांत साडेपांच तास मिळवा. विमानतळांतून बाहेर पडावयास दीड तास धरा. आणि पावसाळा असेल तर घाट उघडा आहे कीं नाहीं, याची चौकशी करा. मग माझ्याकडे या. मिस्सेची वेळ मी त्यानंतरच सांगेन, आणि तो पोहोंचेपर्यंत दारांत उभा राहीन.