हरवलेल्या सामन्यांची गोष्ट



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून शेतमालाच्या भावापर्यंत सर्व काही येऊन गेले, तेथे फुटबॉल, आणि तोही विलायतेतला, आणि त्यातही न दिसणारा! परंतु मी प्रारंभीच सांगून टाकतो की, माझा विषय खेळ हा नसून खेळाची नोंद हा आहे. माणसाने एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली, हजारोंनी एकाच वेळी पाहिली, आणि तरीही ती पुन्हा पाहता येत नाही, हे का घडते? आणि त्यात आपल्यासारख्यांनी शिकण्यासारखे काय आहे? एवढ्याच दोन प्रश्नांसाठी मी आपला तासभर घेणार आहे.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली. वर्ष पुरते उलटले नाही तोच, १६ सप्टेंबर १९३७ रोजी, आर्सेनल या प्रसिद्ध संघाच्या हायबरी मैदानावर कॅमेरे नेण्यात आले. सामना आर्सेनलचा आर्सेनलच्याच राखीव खेळाडूंशी, म्हणजे घरच्या घरीच होता. पुढल्या वर्षी ९ एप्रिलला इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड आणि ३० एप्रिलला वेम्ब्लीवरचा एफ. ए. कपचा अंतिम सामना दाखवण्यात आला. या अंतिम सामन्याची एक गंमत सांगतात. प्रेस्टन आणि हडर्सफील्ड यांच्यात जादा वेळ संपत आला तरी गोल होईना. समालोचक वुडरूफ कंटाळून म्हणाले की, आता गोल झाला तर मी माझी टोपी खाईन. इतक्यात प्रेस्टनला पेनल्टी मिळाली आणि जॉर्ज मचने चेंडू जाळ्यात मारला! वुडरूफ यांनी पुढे आपला शब्द पाळला, असेही सांगतात.

आता ही गोष्ट आपल्याला ऐकून ठाऊक आहे. चित्रपटगृहांत दाखवण्यासाठी वार्तापट काढणाऱ्यांनी त्या गोलाचे चित्रण केले होते, तेही उपलब्ध आहे. परंतु त्या दिवशी घरोघरच्या छोट्या पडद्यावर जे चित्र उमटले, ते कोठेही नाही. कारण ते साठवण्याची सोयच नव्हती. चित्र कॅमेऱ्यातून निघाले, आकाशातून गेले, पडद्यावर क्षणभर चमकले आणि विझले. पाण्यावर काढलेली रांगोळी म्हणा ना.

हा हरवण्याचा पहिला प्रकार. जे नोंदलेच गेले नाही, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही.

महायुद्धाच्या काळात दूरचित्रवाणी बंद होती. ती १९४६ साली पुन्हा सुरू झाली, आणि त्यानंतर एक ओबडधोबड युक्ती निघाली. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवायचा आणि पडद्यावर दिसेल ते फिल्मवर टिपून घ्यायचे. चित्र धूसर येई आणि फिल्म महाग पडे. म्हणून राजघराण्यातील लग्नासारखा मोठा प्रसंग असला तरच हा खटाटोप होई. शनिवारच्या फुटबॉलसाठी एवढा खर्च कोण करणार? हा दुसरा प्रकार: नोंदणे शक्य होते, पण नोंदण्याजोगे वाटले नाही.

पुढे १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने चित्रफितीचे व्यवहारोपयोगी यंत्र पुढे आणले. फीत दोन इंच रुंद, सेकंदाला पंधरा इंच या वेगाने धावणारी. म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाला साडेचार हजार फूट फीत लागे. या फितीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती पुसून पुन्हा वापरता येई. आणि श्रोतेहो, हा गुणच तिचा काळ ठरला. शाळेत आपण पाटीवर लिहीत होतो. पाटीचा गुण तोच आणि अवगुणही तोच.

त्यामुळे हरवण्याचा तिसरा प्रकार सुरू झाला: नोंदले, आणि हाताने पुसले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी बी.बी.सी.ने 'मॅच ऑफ द डे' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. पहिला सामना लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावरचा. लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरवले. तो पहिला भाग सुदैवाने शिल्लक आहे. पण त्या दशकातले त्यानंतरचे कित्येक भाग गेले. फीत पुसली गेली, तिच्यावर दुसरे काही भरले गेले, मग तेही पुसले गेले.

पुसणारी माणसे मूर्ख होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्या बाजूने पाहा. फीत फार महाग होती. ती ठेवायला जागा लागे. सामना पुन्हा पुन्हा दाखवण्याचा हक्क हातात नसे. मग जे दाखवता येणार नाही ते जपायचे कशाला? घरी चित्रफीत लावून पाहण्याचे यंत्र सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते. त्यातून, पुढच्या शनिवारी नवा सामना येणारच होता! उद्याच्या जेवणासाठी आजचे ताट घासून ठेवावे, तसे ते काम होते. ताट घासणाऱ्याला आपण इतिहास पुसतो आहोत असे कधी वाटते काय? बी.बी.सी.ने फिल्म आणि चित्रफितींचे रीतसर ग्रंथालय उभारले आणि ही पुसापुशी थांबवली, ती १९७८ च्या सुमारास.

फुटबॉलच क्षुल्लक म्हणून पुसला गेला, असेही समजू नका. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाच्या अधिक स्पष्ट चित्रणाच्या मूळ फितीसुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा या संस्थेला २००९ साली काढावा लागला. प्रक्षेपित झालेल्या चित्राच्या प्रती उरल्या म्हणून आपण ते पाहू शकतो. चंद्राची ही गत, तर चेंडूची काय कथा!

आता मी आपल्याला एकाच सामन्यापाशी घेऊन जातो, कारण या सगळ्याचे मोल तेथे कळते. ४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधील बर्न शहर. विश्वचषकाचा अंतिम सामना, हंगेरी विरुद्ध पश्चिम जर्मनी. दूरचित्रवाणीवर दाखवला गेलेला हा पहिलाच विश्वचषक. हंगेरीचा संघ १९५० पासून हरलेला नव्हता. आदल्या वर्षी त्याने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवले होते. याच स्पर्धेत, दोन आठवड्यांपूर्वी, याच जर्मनांना ८-३ असे. सामना सुरू होऊन आठ मिनिटे झाली तोवर हंगेरीचे दोन गोल झाले. मग जर्मनीने दोन्ही फेडले. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला राहनने तिसरा मारला. आणि अगदी अखेरीस हंगेरीचा कर्णधार फेरेंट्स पुश्काश याने चेंडू जाळ्यात घातला. बरोबरी! पण लाइन्समनचे निशाण वर झाले. ऑफसाइड. गोल रद्द. जर्मनी विश्वविजेता.

तो ऑफसाइड होता का? हंगेरीत कोणाला विचाराल तर उत्तर मिळेल, नव्हता. पराभवानंतर बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोक संतापून उतरले होते. जर्मनीत मात्र युद्धाने आणि स्वतःच्या अपराधाने खचलेल्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली, असे पुष्कळ जण मानतात. दोन राष्ट्रांच्या मनावर कोरलेला हा क्षण, आणि त्याचे दूरचित्रवाणीचे चित्रण जपलेले नाही! फिल्मवर घेतलेले काही तुकडे आहेत. त्यांवरून सर्वांचे समाधान होईल असा निवाडा आजतागायत झालेला नाही. जर्मन आकाशवाणीवरचे हर्बर्ट झिमरमन यांचे समालोचन मात्र शिल्लक राहिले. म्हणून आज हा सामना दाखवताना फिल्मच्या तुकड्यांवर आकाशवाणीचा आवाज चढवतात. ज्यांनी त्या दिवशी दुकानांच्या काचेबाहेर गर्दी करून दूरचित्रवाणीवर सामना पाहिला, त्यांनी ना ते चित्र पाहिले होते ना तो आवाज ऐकला होता. तरी आता तीच सर्वांची आठवण झाली आहे. नोंद हरवली की आठवण रिकामी राहत नाही; जे हाताशी असेल ते येऊन तिच्या जागी बसते. मला वाटते, या विषयातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच.

आणि दैवाचा खेळ पाहा. १९५६ च्या उठावानंतर पुश्काश मायदेशी परतला नाही. पुढे तो स्पेनच्या रेआल माद्रिद संघात गेला. १८ मे १९६० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांपुढे, त्याच्या संघाने फ्रँकफुर्टला ७-३ असे हरवले. त्यात पुश्काशचे चार गोल होते. हा सामना मात्र टिकला. ते चारही गोल आज कोणालाही पाहता येतात. त्याच माणसाचे! जे चार गोल निर्विवाद आहेत ते आपल्यापाशी आहेत. ज्या एकाबद्दल वाद आहे तोच नाही.

कधी कधी एखाद्या सामान्य माणसाच्या छंदामुळे गेलेले परत येते. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. त्याचा पहिला सुपर बोल सामना जानेवारी १९६७ मध्ये दोन मोठ्या वाहिन्यांनी दाखवला, आणि दोघींनीही फिती राखल्या नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थाने स्वतःपुरती फीत भरून ठेवली होती. ती अनेक वर्षांनी बाहेर आली. थोडी अपुरी, पण अस्सल. संस्थांनी घालवले ते एका माणसाने राखले.

हे सारे परक्यांचे झाले. आपले काय? १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय आपल्या पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. फुटबॉलचेच म्हणाल तर १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे होते, गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळलेल्या आपल्या माणसाचे. या सभागृहात किती जणांनी त्यांतला एक तरी गोल पाहिला आहे? मी हात वर करायला सांगत नाही. माझाही वर होणार नाही.

आणखी जवळ येऊ. वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झाली. एडिसनचा फोनोग्राफ निघाला तो १८७७ साली. म्हणजे पहिल्या वक्त्यांचे आवाज गेले, यात कोणाचा दोष नाही. तो पहिला प्रकार. पण त्यानंतर ध्वनिमुद्रणाची सोय गावोगाव झाली, तरीही कितीशी व्याख्याने राहिली? तो दुसरा प्रकार. आणि जी फितीवर घेतली, त्यांतल्या किती कॅसेटांवर पुढे लग्नातली गाणी भरली गेली? तो तिसरा. बी.बी.सी.ला नावे ठेवण्याआधी आपण आपल्या माळ्यावर चढून पाहिलेले बरे.

आज तुम्ही म्हणाल की, ही चिंता जुनी झाली. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. खरे आहे. पण खिशातल्या त्या यंत्राची जागा भरली की आपण काय करतो? पुसतो! कारणही तेच: जागा नाही, आणि उद्या नवे येणारच आहे. शिवाय ज्या चित्रावर ना नाव, ना गाव, ना तारीख, ते असूनही हरवलेलेच असते.

सगळेच जपा, असे मी म्हणत नाही. सगळे जपणारा माणूस घरात राहू शकत नाही. माझे मागणे लहान आहे. पुसण्यापूर्वी एकदा विचारा की, ही याची शेवटची प्रत तर नव्हे? असेल, तर दुसरी काढून दुसऱ्या घरी ठेवा. त्यावर नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि गावाच्या वाचनालयात एक वही ठेवा, कोणाकडे काय आहे याची. एवढ्यासाठी ना सरकार लागते, ना मोठा निधी.

बर्नच्या मैदानावरचा तो लाइन्समन बरोबर होता की चूक, हे मी सांगू शकत नाही. पुश्काश २००६ साली वारला. न्याय मागणारा गेला, देणारे गेले, आणि साक्षीदार होऊ शकला असता तो हवेत विरून गेला. आपल्या गावातही उद्या कोणीतरी कशाचा तरी न्याय मागायला येईल. त्या वेळी साक्ष शिल्लक असावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो.