यकृतातील मेद व दोन वैद्यकांचा मेळ
(राजूर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. पेन्शनीतील मास्तर आहो. गेल्या वर्षी सोनोग्राफीत आमच्या यकृतात मेद साठल्याचे निघाले, म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करणे प्राप्त झाले. उभ्या जन्मात मद्याला शिवलो नाही, त्यामुळे अहवालावर आमचा विश्वासच बसेना. पुढे कळले की, मद्यावाचूनही हा विकार जडतो. सुटलेले पोट व मधुमेह हे त्याचे नेहमीचे सोबती.

चरकाने ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात स्थूलतेची कारणे दिली आहेत: अति आहार, गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप. आमची पेन्शनीतील दिनचर्याच कोणी लिहून ठेवली आहे, असे वाटले! डॉक्टरही निराळे सांगत नाहीत. वजन शेकडा ७ ते १० उतरले, तर यकृतातील मेद व सूज पुष्कळ ओसरते. राजुरात चुन्याच्या भट्ट्यांवर व कोळशाच्या खाणीत राबलेल्या पिढीची भूक आपण वारशाने घेतली. घाम मात्र घेतला नाही.

मतभेद उत्पन्न होतो तो औषधापाशी. कुटकीयुक्त आरोग्यवर्धिनीची मुंबईच्या संशोधकांनी काविळीच्या रोग्यांवर परीक्षा घेतली. खरी गोळी कोणाला व नकली कोणाला, हे रोग्यास वा डॉक्टरास कळू न देता. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. दोन वैद्यकांचा मेळ आम्ही याला म्हणतो. मात्र कावीळ निराळी, मेद निराळा; शिवाय त्या गोळीत पारा व ताम्रभस्म असते. उलट २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, गुळवेल घेणाऱ्या मुंबईच्या ६ रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. तो वाद तज्ज्ञांचा.

आमची चूक साधी होती. साथीपासून आम्ही रोज गुळवेलीचा काढा घेत होतो आणि डॉक्टरांना सांगितले, “काहीच घेत नाही.” काढ्याला औषध कोण म्हणतो? शेवटी आमच्या कुटुंबानेच खरे सांगून टाकले. डॉक्टर रागावले नाहीत. काढा थांबवून दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासण्यास सांगितले. आकडे उतरले. काढा सुटल्याने की रोजच्या चालण्याने, हे मात्र सांगता येणार नाही.

हल्ली वैद्यांकडे जाताना आम्ही रक्ताचा अहवाल नेतो, व डॉक्टरांकडे जाताना वैद्यांची पुडी. पुडी पाहून कंपाउंडर हसतो, हसू द्यावे.