कुबट, खवट, आंबूस

मंडळी, पांढरकवड्यासारख्या कापसाच्या गावात येऊन कपड्यावर बोलायचं, म्हणजे केळापूरला जाऊन जगदंबेची ओळख करून देण्यातलाच प्रकार. पण माझा विषय नवा कपडा नाही. बोहारणीकडून आलेली साडी, बाजारातल्या ढिगातून उचललेला स्वेटर, जावेच्या घरून आलेली दुपटी, असा वापरलेला माल. धड असतो, पण वास जात नाही म्हणून माळ्यावर पडून राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बादली भरण्याआधी त्या वासाला नाव द्या. आपल्या भाषेनं ती निवड कधीच करून ठेवली आहे. शेंगदाणा खवट होतो, कुबट होत नाही. पावसाळ्यातली सतरंजी कुबट होते, तिला कुणी खवट म्हणत नाही. शब्द वेगळा, कारण उताराही वेगळा.

खवट म्हणजे हवेनं बिघडलेलं तेल. उशीचा अभ्रा, टोपी, कॉलर. गार पाणी याला शिवतही नाही. सुती कपडा असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा. लोकरीला आणि रेशमाला मात्र हा सोडा दाखवू नका. आंबूस म्हणजे घाम. खरं तर ताज्या घामाला फारसा वास नसतो, जिवाणू त्याची आम्लं करतात तेव्हा तो सुटतो. म्हणून तिथे खाण्याचा सोडा. विडी-सिगारेटचं उलटं आहे. निकोटीन अल्कधर्मी, तिथे पाण्यात थोडं व्हिनेगर. काही हुशार मंडळी सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत ओततात. फेस झकास येतो, दोघं एकमेकांना मारतात आणि कपडा होता तिथेच राहतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता तुमच्या कापसाची बाजू घेतो. कापूस हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिएस्टरची दोस्ती तेलाशी. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली व्यायाम केलेल्या 26 जणांचे शर्ट तपासले. पॉलिएस्टरचे शर्ट जास्त वास मारत होते आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू माजले होते. म्हणून जुना टेरिलिनचा, म्हणजे पॉलिएस्टरचाच, शर्ट दोरीवर निर्दोष असतो आणि इस्त्री फिरली की बगलेतून बोलायला लागतो. जुने कपडे घेताना मी तोच भाग तळहातात चोळून गरम करतो आणि हुंगतो. विकणारा बघतो, बघू दे.

डांबरगोळीपुढे मात्र मी हरलो होतो. लेकीसाठी ढिगातून स्वेटर आणला, तीन वेळा धुतला, तरी घातला की पोर शिंकायची. चूक माझी. डांबरगोळीतलं नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते थेट हवेत उडतं. मग पाणी सोडलं. स्वेटर उलटा करून ओसरीवर, वारा लागेल असा आठ दिवस टांगला. नवव्या दिवशी तिनं न सांगता घातला.

एक चिठ्ठी आली आहे: ‘गोधडीला लेकराच्या मुताचा वास आहे, सांगा.’ बाई, त्यात अमोनिया असतो, म्हणून आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, मग साबण. तुमच्या गोधडीत खरी अडचण वासाची नाही, वाळण्याची आहे. वरचा थर कडकडीत लागतो आणि आतल्या साड्या ओल्याच असतात, तिथूनच कुबटपणा परत येतो. तेव्हा धुणं एप्रिलमध्ये काढा, दोन दिवस ऊन द्या, दुपारी पालटा. घडी घालण्याआधी मधोमध, जिथे टाके सगळ्यात दाट आहेत तिथे, गाल लावून बघा. गार लागला तर पुन्हा दोरीवर.